ठरवून टाक म्हणे

"आई, घराचं एकदाचं ठरवून टाक ना." चिनूचं हे वाक्य सकाळपासून डोक्यात भुणभुणतंय. रागावून म्हणाला असता तर परवडलं असतं, पण अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. इतक्या समजुतीनं आजारी माणसाशी बोलतात. मला कुणी विचारतच नाही, नुसती तारीख मागतात.

दुपारी अभिषिक्तानंदांची डायरी घेऊन बसले. मूळचे फ्रान्समधल्या ब्रिटनीचे, बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू, आधीचं नाव आँरी ल सो. 1948 साली भारतात आले ते पुन्हा फ्रान्सला गेलेच नाहीत. तेवढं मात्र चटकन ठरवलं म्हणायचं! (आईला काय वाटलं असेल, ते जाऊ दे.) 1950 मध्ये फादर मोंशानँ या फ्रेंच धर्मगुरूंबरोबर कावेरीकाठी शांतिवनम् आश्रम काढला, भगवी घातली. पण त्याआधीच रमण महर्षींचं दर्शन झालं होतं. पुढे तिरुवण्णामलईच्या अरुणाचल डोंगरातल्या गुहांमध्ये राहू लागले आणि जीव दोन्हीकडे ओढला जाऊ लागला. अद्वैतात मिळाली तशी शांती कधी मिळाली नव्हती, असं लिहितात आणि लगेच धास्तावतात, की हा आपल्याच मनाचा खेळ तर नसेल? पानामागून पानं हेच. उपनिषदं सुटत नाहीत, चर्चची मिस्सा-प्रार्थनाही सुटत नाही. आज इकडे, उद्या तिकडे. आधी वैताग आला, मग बरं वाटायला लागलं. एवढा तपस्वी माणूस वर्षानुवर्षं अधांतरी राहतो आणि मला म्हणे या दिवाळीच्या आत सांग.

अर्थात त्यांच्यापुढे ब्रह्म होतं नि येशू होता. माझ्यापुढे मागच्या दारची मोरी आणि चिनूचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. उगाच मोठ्या माणसांच्या पंगतीला बसू नये.

1968 मध्ये शांतिवनम् बीड ग्रिफिथ्स या इंग्रज साधूंकडे सोपवून ते उत्तरकाशीजवळ ग्यानसूला राहायला गेले. 1973च्या जुलैत हृषीकेशला रस्त्यातच हृदयविकाराचा झटका आला आणि डिसेंबरात गेले ते इथे, आपल्या इंदुरात. मी तेव्हा इथेच होते. आप्पांना ठाऊक असेल का? असो.

चिनूला काही कळवलेलं नाही. बिल्डरचा माणूस गुरुवारी येतोय, त्याला चहा-पोहे देईन. सही वर्षश्राद्धानंतर बघू.