तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर लॅपटॉप झोपतो का?

लग्नात, एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की आमच्याकडचे लोक एकच विचारतात. भाऊ, तुमच्या नादानं विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, बाकी सगळं झकास चाललंय, पण झाकण लावून बॅगेत टाकला की चोपड्याहून जळगावला पोचेस्तोवर लॅपटॉपचं भरताचं वांगं झालेलं असतं आणि बॅटरी निम्मी, हे लिनक्सचंच दुखणं ना?

थोडंफार हो. पण जास्त करून नाही.

पूर्वीचे लॅपटॉप झोपायचे म्हणजे खरंच झोपायचे. एसीपीआय म्हणून मशीनच्या पॉवरचं एक स्टँडर्ड आहे, १९९६ चं, त्यात झोपेचे प्रकार ठरवून दिलेत, त्यातला एस-थ्री म्हणजे रॅमला तेवढा करंट चालू आणि प्रोसेसर वगैरे बाकी सगळं बंद. मग मोबाईल आले, बटण दाबलं की लगेच चालू, तसंच लॅपटॉपचंही पाहिजे असं ठरलं आणि मायक्रोसॉफ्टनं २०१२ ला विंडोज ८ मध्ये कनेक्टेड स्टँडबाय आणलं, २०१५ ला विंडोज १० मध्ये त्याचं मॉडर्न स्टँडबाय झालं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नव्या मॉडेलच्या बायोसमधून (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) एस-थ्री काढूनच टाकलं. आता जे उरलंय त्याला लिनक्समध्ये एस-टू-आयडल म्हणतात: प्रोग्रॅम गोठवायचे, स्क्रीन बंद, आणि प्रोसेसर चालूच पण रिकामा. यात ग्यानबाची मेख अशी की सगळे पार्ट झोपले तरच चिप खोल झोपेत जाते, एकटं वायफाय कार्ड किंवा एसएसडी डिस्क जागी राहिली तरी सगळा खेळ फिसकटतो, आणि बंद बॅगेत ती उष्णता जाणार कुठं. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर. विंडोजवाल्यांच्याही बॅगा तापतात बरं का, फक्त ते विंडोजला बोल लावत नाहीत, लॅपटॉप जुना झाला म्हणतात.

म्हणून कुठलंही टूल टाकायच्या आधी आपल्या मशीनला कुठली झोप येते ते बघा. सिस डिरेक्टरीत पॉवर, त्यात मेम-स्लीप नावाची फाइल आहे, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ती कॅट करायची, म्हणजे cat /sys/power/mem_sleep लिहून वाचायची. नुसतं एस-टू-आयडल आलं तर विषय संपला, एस-थ्री शोधत बसू नका. सोबत डीप, म्हणजे तेच एस-थ्री, दिसलं तर तुमचं नशीब चांगलं, चौकोनी कंसात जे असेल ते सध्या चालू आहे. डीप आहे पण कंसात नाही, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत mem_sleep_default=deep लिहायचं, ग्रब अपडेट करायचं, रीस्टार्ट. मात्र पहिल्यांदा टेस्ट करताना उघडी कामं सेव्ह करून घ्या, काही मशीनी डीप दाखवतात, झोपतातही, उठत मात्र नाहीत. काही थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसमध्ये तर स्लीप स्टेटचा ऑप्शनच असतो, विंडोज की लिनक्स, तिथं लिनक्स केलं की एस-थ्री परत मिळतं.

ज्यांच्याकडे डीप नाही त्यांना मी सरळ सांगतो, प्रवासात हायबरनेट करा. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, मग बॅग उन्हात राहिली तरी आतून तापायला काही चालूच नाही. लोक याला घाबरतात कारण सेटिंगला थोडी खटपट आहे: स्वॅप, म्हणजे रॅममधलं उतरवून ठेवायची जागा, साधारण रॅमइतका ठेवायचा (फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात डिफॉल्ट झेडरॅम असतो, तो रॅममध्येच राहतो म्हणून इथं कामाचा नाही, डिस्कवर वेगळा स्वॅप लागतो), मग तो स्वॅप कुठं आहे ते रिझ्यूम पॅरामीटरनं कर्नलला सांगायचं. आणि सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम चालू होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर उबुंटू, फेडोरासारख्यांचं कर्नल हायबरनेट करूच देत नाही, सगळं बरोबर करूनही ऑप्शन दिसत नसेल तर आधी तिथं बघा. दोन्ही पाहिजे असेल तर सिस्टिमडीत (लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सस्पेंड-देन-हायबरनेट आहे, आधी झोपतो आणि ठरवलेल्या वेळानं हायबरनेट होतो. त्यातल्याच लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये झाकणाच्या ओळीला तेच लावून टाका. माझ्या मते हे डिफॉल्टच असायला पाहिजे होतं.

झोपलेला लॅपटॉप आपोआप जागा होतो ही तक्रार वेगळी. प्रॉकमध्ये एसीपीआय, त्यात वेकअप नावाच्या फाइलीत (/proc/acpi/wakeup) मशीनला कोण कोण उठवू शकतं त्याची यादी असते, बऱ्याचदा यूएसबीचा कंट्रोलर किंवा माऊस निघतो. तो बंद करता येतो, फक्त रीस्टार्टनंतर परत चालू होतो, म्हणून कायमचं करायला मशीन चालू होताना आपोआप चालणारी छोटी सर्व्हिस लिहावी लागते.

आणि कुणी सांगितलं म्हणून टीएलपी, पॉवर-प्रोफाइल्स-डीमन अशी बॅटरी वाचवायची टूलं सगळी एकदम टाकू नका ना भो, एकाच सेटिंगवर दोघं हात घालतात आणि मग काय कुणी बदललं ते कळत नाही. एकच ठेवा. टीएलपीचा मला आवडणारा भाग म्हणजे चार्जिंगची मर्यादा, लॅपटॉपचा सपोर्ट असेल तर ८० टक्क्यांवर थांबवता येतं. लिथियमची बॅटरी गरमीत आणि वर फुल चार्ज राहिली की लवकर म्हातारी होते, आणि आपल्याकडे लाईट जाईल या भीतीनं चार्जर चोवीस तास लावलेला, त्यामुळे पुण्यावाल्यांपेक्षा आपल्याला याची गरज जास्त.

तर पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा "झोपत नाही" एवढंच सांगू नका. मेम-स्लीपमध्ये काय आलं ते सांगा, आणि रात्री झाकण लावताना बॅटरी किती टक्के होती, सकाळी किती राहिली, तेही बघून ठेवा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते पहिलं सांगा, त्याची भानगड निराळीच आहे.