मामांचं पुस्तक आणि ‘ना हरकत’चा फेरा

मामांचं पुस्तक परवा छापखान्यात गेलं. डोक्यातला राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा कुठे तिखट लागली तर चालवून घ्या.

मामा २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे, म्हणजे लष्करातल्या छत्रीधारी कमांडो पलटणीचे, निवृत्त सुभेदार. ही पलटण मुळातली २१ मराठा लाइट इन्फंट्री. १९९६ मध्ये तिची स्पेशल फोर्सेस झाली तेव्हा मामा तिथेच होते. आठवणी सांगायला ते तयार झाले, पण अट घातली, “आगं, वरनं कागद आल्याबिगार एक अक्षर भाईर जायचं न्हाई.” लिहून काढणं, टायपिंग, प्रकाशक मिळणं हे सगळं बिनबोभाट झालं. घोडं पेंड खाल्लं ते त्या कागदापाशी.

नोकरीत असलेल्याचं सरळ आहे. आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २१ सांगतो, मंजुरीशिवाय सेवेसंबंधी काही छापायचं नाही. निवृत्तांचं मात्र त्रांगडं आहे. २०२१ मध्ये पेन्शनच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि गुप्तचर व सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांना लिहिण्याआधी परवानगी सक्तीची झाली. पण त्या संघटना म्हणजे माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या: आयबी, रॉ, बीएसएफ, एनएसजी वगैरे. लष्कर त्या यादीत नाही. मग मामा मोकळे? तसंही नाही, कारण १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम मरेपर्यंत मानगुटीवर असतोच.

आम्ही ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. खिडकीवरच्या बाबूंनी बाड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, “रिटायर्ड हैं ना? फिर हमारे पास क्यों आए?” बरं, तसं लेखी द्या म्हटलं, तर तेही देईनात. दुसऱ्या दारी गेलो, त्यांनी पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. (कुठेही कागद द्याल तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्याकडे तो होता म्हणून पुढे भांडता आलं.)

शेवटी बाड ठेवून घेतलं, आणि मग नुसती शांतता. फोन केला की “प्रोसेस में है.” खूप नंतर कळलं की ते तसंच पडून होतं, कारण तिथे मराठी वाचणारं कुणी नव्हतं. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? शिवाय भाषांतर हवं ते प्रमाणित. म्हणजे पुस्तक बाजारात येण्याआधीच त्याच्यावर खर्च. तुमचं लिखाण मराठीत असेल तर प्रत्येक प्रकरणाचा इंग्रजी गोषवारा आधीच जोडा.

भाषांतर गेलं आणि शेरे मारलेली पानं परत आली. आग्र्याच्या प्रशिक्षणाचं प्रकरण लाल पेन्सिलीने भरून गेलं होतं. विमानातून पाच उड्या मारल्या, त्यातली एक रात्री, की विंग्ज (छत्रीधारी सैनिकाचा पंखांचा बिल्ला) मिळतात, हे छत्रीधारी सैनिकाच्या घरातल्या पोरालाही माहीत असतं. तिथे ‘आग्रा’भोवती गोल आणि समासात ‘स्रोत?’. त्याच्या खालच्या परिच्छेदात मामा रात्री उशिरा लंगरमध्ये (जवानांच्या जेवणघरात) पोचले आणि डाळ संपलेली होती. ‘रात्री उशिरा’च्या खालीही रेघ! डाळ संपल्याची वेळ शत्रूला कळली तर काय होईल, ते त्या पेन्सिलीलाच ठाऊक.

आणि हे चालू असताना बाहेरच्या बाकावर शिपाईदादा मोबाइलवर एका माजी कमांडोची मुलाखत बघत होते. अर्ध्या तोंडावर काळा रुमाल असलेला फोटो, ‘पहिल्यांदाच उघड’ असलं शीर्षक, मोहिमेचं साग्रसंगीत वर्णन, आणि खाली प्रोटीन पावडरीचा सवलतीचा कोड. मला खरा संताप तिथे आला. जो विचारतो त्याची डाळसुद्धा गोपनीय, आणि जो विचारत नाही त्याचा धंदा जोरात. वर हा धंदा चालतो तोच गुप्ततेच्या जिवावर. सगळंच उघड असतं तर तो रुमाल कुणी विकत घेतला असता? आमच्या एसटी स्टँडसमोर बलिदान बिल्ल्याचे, म्हणजे पॅरा स्पेशल फोर्सेसच्या मानचिन्हाचे, स्टिकर मिळतात, बुलेटवर लावायला.

बाहेरच्या देशांत निदान हिशेब तरी होतो. ओसामावरच्या छाप्यातला नेव्ही सील (अमेरिकी नौदलाचा कमांडो) मॅट बिसोनेट याने २०१२ मध्ये पेंटॅगॉनला, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याला, न दाखवता टोपणनावाने पुस्तक काढलं. २०१६ मध्ये त्याला ६६ लाखांहून जास्त डॉलर सरकारजमा करायचं कबूल करावं लागलं. ब्रिटनमध्ये १९९१च्या आखाती युद्धानंतर एसएएसवाल्यांच्या (तिथल्या लष्करी कमांडोंच्या) पुस्तकांची लाट आली, तेव्हा १९९६ पासून तिथल्या सैनिकांकडून गोपनीयतेचा करारच लिहून घेऊ लागले. सही न करणाऱ्याची रवानगी मूळ पलटणीत. असला करार बरा की वाईट, यावर मामांशी माझं पटत नाही. त्यांच्या मते तोंड बंद ठेवायला कागद कशाला लागतो!

आमची सुटका एका तक्त्याने झाली. पान, ओळ, आक्षेप आणि ती माहिती सरकारी प्रसिद्धिपत्रकात किंवा शौर्यपदकाच्या जाहीर मानपत्रात कुठे आली आहे, असे रकाने केले आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवले. दोन नावं आणि एक प्रसंग गाळून ‘हरकत नाही’ आलं. डाळ वाचली. पत्र हातात पडलं तेव्हा मी ओरडलेच. मामांनी चष्मा लावून तारीख तपासली आणि तीन झेरॉक्स काढून आणायला सांगितल्या.

एक सांगायचं राहिलं. हाताने काढलेले नकाशे असतील तर बाड कार्यालयात देण्याआधीच बाजूला काढा. आमचा नकाशा परत मिळालेला नाही, आणि त्याबद्दल विचारायचं म्हणजे पुन्हा तीच खिडकी.