पोलिसांना युनियन नाही, म्हणून आम्ही घरच्यांनी अर्ज टाकला : माझा अनुभव

आमच्या पोलीस लाईनमधल्या आणि इतर जिल्ह्यातल्या बऱ्याच जणी विचारतायत की तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी कशी सुरू झाली, कोणाला भेटलात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. माझे मिस्टर जिल्हा पोलीस दलात कॉन्स्टेबल आहेत, जिल्हा आणि ठाणं मुद्दाम सांगत नाही कारण त्रास शेवटी त्यांनाच होणार.

शिक्षकांची संघटना आहे, तलाठ्यांची आहे, एसटीवाल्यांची आहे, पोलिसांना मात्र पगारासाठी किंवा माणसं वाढवा म्हणून एकत्र येऊन बोलायची सोय नाही. संविधानाच्या कलम 33 च्या आधाराने 1966 चा कायदा आहे, त्यात परवानगीशिवाय युनियनमध्ये जायचं नाही, पेपरवाल्यांशी बोलायचं नाही, मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात एकेकाळी संघटना होती. आमच्या शेजारचे रिटायर्ड हवालदार काका तेव्हा मुंबईत नवीन भरती झाले होते, ते सांगतात 15 ऑगस्ट 1982 ला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या आणि 18 तारखेला संघटनेच्या पुढाऱ्यांना उचललं, मग मुंबई एवढी पेटली की आर्मी बोलवावी लागली. संघटनेची मान्यता गेली ती गेलीच. केरळमध्ये मात्र पोलिसांची असोसिएशन आजही रीतसर चालते, म्हणजे होऊ शकतं, हे मला सारखं वाटत राहतं.

कायदा पोलिसांना आहे, त्यांच्या बायकांना नाही. गुजरातमध्ये ऑक्टोबर 2021 मध्ये ग्रेड पे साठी (म्हणजे हुद्द्यानुसार ठरणारा पगाराचा भाग) पोलिसांच्या घरच्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सरकारने पोलिसांच्या पगार-भत्त्यांसाठी 550 कोटी जाहीर केले, ते वाचून आम्ही चौघी-पाच जणी पहिल्यांदा एकत्र बसलो. ओळखीच्या एका वकील ताईंनी मात्र बजावलं की पोलिसांना ड्युटी सोडायला चिथावणं हा गुन्हा धरला जातो, त्यासाठी 1922 पासूनचा वेगळा कायदा आहे, त्यामुळे कागदावर "काम बंद", "असहकार" असला एकही शब्द नको. आधी आकडे मागा, मग बोला, असं त्या म्हणाल्या, आणि तोच सल्ला कामी आला.

माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावाने टाकला. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांच्या आत. विचारलं एवढंच की ठाण्याची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. उत्तर आलं, गोपनीय, देता येत नाही. मग 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, ते नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत करावं लागतं, हे लक्षात ठेवा. अपिलात लिहिलं की मी कोणाच्या बंदोबस्ताचा प्लॅन मागत नाहीये, कर्मचारी किती हे तर कलम 4 खाली ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचं असतं. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माहिती द्यायला सांगितली.

तक्ता हातात आला तेव्हा वाटलं झालं काम, पण ठाण्यात माणसांची जेवढी कमतरता जाणवते त्यापेक्षा तक्त्यात रिक्त पदं कमीच दाखवलेली. मिस्टरांनीच समजावलं की "हजर" मध्ये कोर्ट ड्युटीवाले, दुसऱ्या ऑफिसला अटॅच केलेले, ट्रेनिंगला गेलेले, आजारी रजेवरचे सगळे धरतात, कागदावर माणूस ठाण्यात आणि प्रत्यक्षात तो तिसरीकडेच. म्हणून दुसरा अर्ज ड्युटी वाटपाच्या रजिस्टरसाठी टाकला, मागच्या एका महिन्याच्या नकला, पानाला 2 रुपये. नावं काळी केलेली होती, बक्कल नंबर, म्हणजे प्रत्येक पोलिसाचा स्वतःचा नंबर, तसेच होते. पोरं झोपल्यावर आम्ही दोघी जणी जमिनीवर पानं पसरून हायलायटर घेऊन बसलो, एकच बक्कल नंबर नाईटला, तोच सकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला, तोच परत नाईटला, अशा पिवळ्या रेघा पानंच्या पानं. त्यात यांचा नंबर दिसला की माझा हात थांबायचा. हा माणूस घरी येऊन बुटासकट का झोपतो ते मला तेव्हा नीट कळलं, आणि चिडचिड करतो म्हणून मी भांडायचे त्याचं फार वाईट वाटलं.

निवेदनात तीनच मागण्या ठेवल्या. आठ तास ड्युटी, साप्ताहिक सुट्टी, आणि सुट्टी रद्द झाली तर त्या दिवसाचा पैसा वेळेत. पिवळ्या रेघांनी भरलेल्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. आवकचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे सगळ्यांनी ठरवलेलं. ज्यांना निवेदन द्यायचं त्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं, पहिल्यांदा म्हणाले भरती माझ्या हातात नाही, ती वरून होते. ते खरंच आहे, 2024 च्या भरतीला 17,471 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर, 2025 च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने परत साधारण 15 हजार पदं मंजूर केली, पण फॉर्म, ग्राउंड, लेखी, ट्रेनिंग होऊन पोरगं ठाण्यात उभं राहीपर्यंत किती काळ जातो बघा. मग आम्ही देवनारचं उदाहरण काढलं. मे 2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, दत्ता पडसलगीकर साहेब मुंबईचे पोलीस आयुक्त असताना, आणि तो प्लॅन तिथल्याच एका शिपायाने बसवलेला होता. माणसं तीच, वाटप बदललं. साहेब बराच वेळ पानं उलटत बसले आणि ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मास्तरला बोलावून घेतलं.

आठ तास अजून झालेले नाहीत, बारा होतात. पण सुट्टीचा तक्ता आता बोर्डवर लागतो, महिन्याच्या सुरुवातीलाच, ज्याला त्याला आपला वार माहीत असतो. गणपतीत सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही, ते काम कळतं आम्हाला, नंतर तक्ता परत लागला हे महत्त्वाचं.

पगाराचं काहीही हललं नाही. शिपायाचं मूळ वेतन सातव्या आयोगात 21,700 पासून सुरू होतं, ते ठरवायचं मुंबईत, त्यासाठी आमदारांमार्फत गृह विभागाला पत्र दिलंय आणि पोच सोडून काही आलेलं नाही. रद्द झालेल्या सुट्ट्यांपैकी किती दिवसांचे पैसे निघाले हे विचारणारा नवीन अर्ज परवाच टाकलाय. ज्यांना पहिल्या दोन अर्जांचा मसुदा पाहिजे त्यांनी मागा, पाठवते, फक्त अर्ज घरच्या बाईच्या किंवा आईवडिलांच्या नावाने टाका आणि आपल्या माणसाच्या ठाण्यातल्या कोणाचंही नाव त्यात येऊ देऊ नका.