आमची वाटचाल : कागद पास, पावडर नापास

स्मोकलेस पावडर, म्हणजे काडतुसात भरायची दारू, तपासायची प्रयोगशाळा काढली तेव्हा आमच्याकडे एक जाड पोलादी क्लोज्ड व्हेसल, म्हणजे पावडर आत जाळून दाब मोजायचं बंद भांडं, होतं आणि ते उघडायला दोघांनी मिळून ओढावा लागणारा पाना. माझे भागीदार, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, दर फायरिंगनंतर सील स्वतः पुसायचे. दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पुढची काही वर्षं बरी गेली.

मग तो लॉट आला. सिंगल बेस, म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा, उष्ण गोदामात बरीच वर्षं पडून राहिलेला. तापवलेली पावडर बिघडत असेल तर रंग बदलणारा मिथाइल व्हायोलेटचा कागद १३४.५ अंशांवर हवा तेवढा वेळ टिकला. पावडर बिघडू न देणारं डायफेनिलअमाइनही पुरेसं शिल्लक होतं. १९११ साली तूलों बंदरात 'लिबेर्ते' ही फ्रेंच युद्धनौका स्वतःच्याच बिघडलेल्या पावडरीने उडाली. तसली भीती इथे नव्हती. पण व्हेसलमध्ये दाबाचा आलेख सुरुवातीलाच उसळला. मास्तरांनी गेज तीनदा कॅलिब्रेट केला. आलेख जागचा हलेना.

"गेज नाही, लेप बघा," मास्तर म्हणाले. दाण्यावरचं डायब्युटिल थॅलेट सुरुवातीचं जळणं आवरून धरतं. उष्णतेत ते हळूहळू आत झिरपलं होतं, वरचा थर दुबळा झाला होता. रसायनं तीच, प्रमाण तेच, फक्त जागा बदललेली. कागदाला हे कळणार कसं?

आमच्याहून जुन्या एका प्रयोगशाळेने नुसत्या कागदावर त्याच लॉटला 'उत्तम' शेरा दिला. वर आमचं यंत्र बिघडलंय अशी कुजबुजही सुरू केली. एकामागून एक ग्राहक गेले, पगार थकले, तराजूसुद्धा विकायला काढला. पाना तेवढा मास्तरांनी विकू दिला नाही. त्या कुजबुजीबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही, हे मी विसरलेलो नाही.

राहिल्या त्या एकट्या ताई. नेमबाजीची काडतुसं भरायचा त्यांचा धंदा. त्यांनी तो लॉट आपल्या प्रेशर बॅरलमधून झाडून पाहिला आणि दाबाचे आकडे आमच्या टेबलावर ठेवले. आमच्या आलेखाशी जुळत होते. एक शब्द न बोलता त्यांनी पुढच्या सहा लॉटचे नमुने दिले. त्यावर आम्ही तगलो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डबल बेस पावडरीत नायट्रोग्लिसरीनही असतं. ती जास्त गरम जळते आणि धक्क्यालाही जास्त हळवी. तिचा कागद १२० अंशांवर लावा, १३४.५ वर नव्हे. दाण्यावरचं ग्राफाइट शोभेसाठी नसतं, स्थिर वीज साचू नये म्हणून असतं. आणि दाण्याचा आकार विसरू नका. सात भोकांचा दाणा जळता जळता पृष्ठभाग वाढवतो, भरीव दांडी कमी करते.

गेल्या वर्षी त्याच प्रयोगशाळेने क्लोज्ड व्हेसल घेतलं. सील कुठलं वापरता, असं विचारायला फोन आला. मी सांगून टाकलं. मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.