शनिवारी सकाळी साडेसात

आमच्या ऐरोलीतील शाळेचे स्काउट पथक चालविणारे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी पुढे येईना, तेव्हा पालकसभा संपून सगळे उठण्याच्या बेतात असताना मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले की, शनिवारी सकाळचे दोन तास देऊ शकेल असा कोणी पालक आहे काय. मी हात वर केला तो सेवावृत्तीने नव्हे. शनिवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते आणि सहावीतल्या मुलाला शाळेत सोडून घरी जाऊन पुन्हा आणायला येण्यापेक्षा तिथेच थांबणे सोयीचे, एवढाच माझा हिशेब होता. लहानपणी दोन वर्षे मी स्वतः स्काउट होतो. त्यातले रीफ नॉट ही गाठ आणि डाव्या हाताने करायचे हस्तांदोलन एवढेच आठवत होते.

नुसता हात वर करून स्काउटमास्तर होता येत नाही, हे पुढच्या आठवड्यात कळले. शाळेचे शिफारसपत्र, पथकाची वार्षिक नोंदणी, माझा स्वतःचा अर्ज आणि त्यानंतर बेसिक कोर्स अशी वाट होती. माझा अर्ज दोनदा परत आला: एकदा शाळेचा शिक्का पुसट उमटला होता म्हणून आणि दुसऱ्यांदा शाळेच्या नावातला एक शब्द मागच्या वर्षीच्या नोंदीशी जुळत नव्हता म्हणून. या प्रकाराबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. जुन्या नोंदीची छायाप्रत सोबत घेऊन जावे, म्हणजे दुसरी फेरी वाचते.

बेसिक कोर्स सात दिवसांचा निवासी असतो. कंपनीतून रजा घेताना वरिष्ठांना कारण सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे काही क्षण नुसते पाहिले. कोर्सला आलेले बहुतेक जण शाळांनी पाठविलेले शिक्षक होते. पालक म्हणून आलेला मी एकटाच. पहिल्या संध्याकाळी आमचे सहा-सात जणांचे संघ पाडले, प्रत्येक संघाला एक तंबू दिला, आणि त्यानंतर आठवडाभर आम्हाला मुलांना कसे शिकवावे यावर फारशी व्याख्याने ऐकावी लागली नाहीत. आम्हालाच मुले करून टाकण्यात आले. पहाटे बी.पी.चे, म्हणजे चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे, सहा व्यायाम, मग तंबूची आणि गणवेशाची तपासणी, ध्वजारोहण, आळीपाळीने स्वयंपाक, रात्री शेकोटी. सेहेचाळीसाव्या वर्षी राखेने पातेले घासून ते तपासणीसाठी उन्हात मांडताना, आणि एका तरुण प्रशिक्षकाने त्याच्या बुडाची काजळी बोट फिरवून दाखविताना, मला जो राग आला तो मी नीट लक्षात ठेवला आहे. पुढे मुलांची तपासणी घेताना त्याचा उपयोग झाला.

एका प्रशिक्षकांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटाची गोष्ट सांगितली, ती मात्र मी वहीत उतरवून घेतली. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी जे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, त्यात वीसेक मुलगे होते. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतले, काही कामगारवस्तीतले. त्यांनी त्यांचे लांडगे, बैल, कुरल्यू पक्षी आणि डोमकावळे असे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघात दोन्ही प्रकारची मुले मिसळली. चळवळीची सगळी रचना या एका वाटणीत आहे, असे ते प्रशिक्षक म्हणाले. त्या वेळी मला हे बोलणे सभेत शोभणारे वाटले होते. ऐरोलीत परतल्यावर पहिल्याच शनिवारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

पथकात सव्वीस मुले होती. मी त्यांना चार संघ तुम्हीच करा असे सांगितले, आणि पाच मिनिटांत त्यांनी केले: एक संघ सगळा उंच इमारतींतला, एक सगळा माथाडी वसाहतीतला, एक दिवा कोळीवाड्यातला आणि उरलेल्यांचा एक. मुलांनी यात काही वाईट केले नव्हते. जे एकत्र शाळेत येतात ते एकत्र उभे राहिले. पण त्या चार ओळी पाहून मला ब्राउनसी आठवले आणि मी आवाज चढवून सगळी वाटणी मोडली, स्वतः नावे वाचून नवे संघ पाडले, संघनायकही मीच नेमले. पुढचे दोन महिने एकही संघ धड चालला नाही. मुले शिट्टी ऐकून घोड्याच्या नालेच्या आकारात उभी राहत, सांगितलेले करीत, आणि संघनायकाला कोणी विचारीत नसे, कारण तो माझा माणूस होता, त्यांचा नव्हता.

गाठी शिकविण्यात मी याहून मोठी चूक केली. कारखान्यात नव्या कामगारांना यंत्राची माहिती देतो तशी मी फळ्यावर आकृत्या काढून माहिती दिली: रीफ नॉट सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांसाठी, जाडी वेगळी असेल तर शीट बेंड, खांबाला दोर बांधायचा तर क्लोव्ह हिच. अर्ध्या तासाने मी दोऱ्या वाटल्या तेव्हा सव्वीसपैकी चौघांना रीफ नॉट आली, तीही दोघांची उलटी. शिवाय मी स्वस्त पडते म्हणून काथ्याचे सुंभ आणले होते. त्याने बोटे सोलतात आणि गाठ बसत नाही. शिकविण्यासाठी करंगळीएवढी जाड सुती दोरीच आणावी.

मागे बसलेला कोळीवाड्यातला एक मुलगा या सगळ्या वेळात मैदानाच्या कुंपणाच्या खांबाला दोरी अडकवून काढत होता. मी त्याला रागावण्यासाठी जवळ गेलो तर तो एका हाताने, न पाहता, क्लोव्ह हिच मारत होता. वडिलांची खाडीत होडी आहे, ती बांधताना हीच गाठ मारतात, फक्त तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. पुढच्या शनिवारी मी फळा बाजूला ठेवला. गणपतीनंतर आमच्या ओळखीच्या मंडपवाल्याकडून सहा-सहा फुटांचे बांबू उसने आणले, ते जमिनीत रोवले आणि गाठ मारून परत पळत येण्याची शर्यत लावली. शिकविण्याचे काम त्या मुलाला दिले. तो आकृती काढत नव्हता, दुसऱ्याचे मनगट धरून फिरवीत होता. महिनाभरात मुले क्लोव्ह हिचने सुरुवात करून, तीन वेढे, मग बांबूंच्या मधून दोन आवळवेढे आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच असे चौकोनी बंधन घालू लागली आणि त्यांनी बुटांसाठी तिपाई-मांडणी उभी केली. ती वाकडी होती, पण पडली नाही.

त्यानंतर मी संघनायकांची निवड संघांवर सोडली आणि संघांत अदलाबदल करायची असेल तर मानसभेत ठरवा असे सांगितले. मानसभा म्हणजे संघनायकांची बैठक. पथकाचे कार्यक्रम आणि शिस्तीचे प्रश्न तिथे ठरतात आणि स्काउटमास्तर सल्ल्यापुरता असतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. माझी मानसभा तोवर म्हणजे मी ठरविलेले चौघांना वाचून दाखविणे होते. आता त्यांनी पहिलाच ठराव केला तो पावसाळी सहल खारघरच्या पांडवकड्याला नेण्याचा. तो मी तिथल्या तिथे फेटाळला. त्या धबधब्यात बुडून मृत्यू झालेले आहेत आणि पावसाळ्यात तिथे जाण्यास बंदी घातली जाते. हा विषय मानसभेचा नाही, माझा आहे, असे मी स्पष्ट सांगितले आणि कोणाची नाराजी मनावर घेतली नाही. मुलांच्या हाती कार्यक्रम द्यावा याचा अर्थ जिवाचा निर्णय त्यांच्या हाती द्यावा असा नाही, आणि नव्या स्वयंसेवकांना या दोन गोष्टींमधली रेघ पहिल्या वर्षी सापडत नाही. मलाही ती पुढच्याच सहलीत पुसट झाली.

ती सहल डिसेंबरमध्ये येऊरला गेली. पालकांची संमतीपत्रे, मुलांच्या औषधांची आणि ॲलर्जींची यादी, प्रथमोपचार पेटी, वनखात्याच्या नाक्यावर दाखविण्यासाठी शाळेचे पत्र, हे सगळे मी जमविले होते. ऐरोलीहून लोकलने ठाणे आणि तेथून बसने येऊरचे प्रवेशद्वार गाठले. परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने बिबट्यांचा वावर आहे. म्हणून दुपारी दोनच्या आत खाली उतरायचे आणि गावरस्ता सोडायचा नाही, या दोन अटी मी घातल्या. बाकी मानसभेने ठरविले की चारही संघ पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने निघतील आणि पुढच्या संघाने टाकलेल्या मार्गखुणा पाहत पाटोणपाड्यापर्यंत येतील. मला हे धाडसाचे वाटले, पण सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक मोठे माणूस ठेवून मी मान्य केले. एका मुलाची आई परिचारिका आहे, ती मध्ये थांबली.

तीन संघ आले, चौथा आला नाही. त्यात माझा मुलगा होता, हेही इथे सांगायला हवे. मी रस्त्याने उलटा पळालो, एका फाट्यावर चुकीच्या बाजूला वळलो, परत आलो, शिट्ट्या फुंकून घसा सुकविला. पस्तीस मिनिटांनी ती सहा मुले रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली चिक्की खात बसलेली सापडली. झाले होते असे की, पुढच्या संघाने काटक्यांचे बाण केले होते, आणि सरपण वेचीत आलेल्या पाड्यावरच्या एका आजीबाईंनी ते वाटेतल्या इतर काटक्यांबरोबर मोळीत बांधून नेले होते. खूण सापडेना तेव्हा त्यांच्या संघनायकाने शेवटच्या खुणेपाशी एकाला उभे केले, दोघांना हाकेच्या अंतरापर्यंत पुढे पाठविले, त्यांनाही काही दिसले नाही तेव्हा सगळ्यांना परत बोलावून बसविले. मला पाहून तो म्हणाला, ‘‘सर, हरवलो तर जागा सोडायची नाही असे तुम्हीच सांगितले होते.’’ मी सांगितले होते खरे. जागा सोडून इकडे-तिकडे पळणारा त्या रस्त्यावर एकटा मीच होतो.

येऊरनंतर मी दोन बदल केले. मार्गखुणा दगडांच्या किंवा चुन्याच्या करायच्या, आणि संघाचे ‘घरी गेलो’ हे वर्तुळातल्या बिंदूचे चिन्ह दिसेपर्यंत शेवटच्या मोठ्या माणसाने हलायचे नाही. संघांना वेगवेगळे सोडणे मात्र बंद केले नाही, जरी दोन पालकांनी तसे लेखी कळविले होते. त्यांना मी घरी जाऊन भेटलो. एकांचे समाधान झाले. दुसऱ्यांनी मुलाला पथकातून काढले, आणि तो त्यांचा हक्क होता.

स्वतःचे मूल पथकात असणे ही वेगळीच अडचण आहे. इतर मुले मला आधी ‘काका’ म्हणत, गणवेश चढवल्यावर ‘सर’ म्हणू लागली; माझा मुलगा काय म्हणावे ते न कळून काहीच म्हणत नसे, समोर येऊन उभा राही. संघनायकपदासाठी त्याच्या संघाने त्याचे नाव सुचविले तेव्हा मी नको म्हणालो, आणि अजूनही मला वाटते की मी त्याच्यावर थोडा अन्याय केला.

खरी कमाईचा अनुभव मात्र आनंदाचा होता. स्काउटच्या नऊ नियमांत काटकसरीचा एक नियम आहे, आणि खरी कमाई म्हणजे मुलांनी श्रमाने थोडे पैसे मिळवावेत, हा त्याचा धडा. बऱ्याच शाळांत याचा अर्थ खाद्यपदार्थांचा मेळा असा झाला आहे: आईने पहाटे उठून भेळ, इडली करायची, मुलाने विकायची आणि दुसऱ्या मुलाच्या आईने विकत घ्यायची. यात कमाई कोणाची, हे मी मानसभेला विचारले. त्यांनी ठरविले की आमच्या सेक्टरमधल्या सोसायट्यांत स्कूटर आणि सायकली धुऊन द्यायच्या, स्कूटरचे वीस रुपये, सायकलीचे दहा, आणि स्वतःच्या घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. दोन रविवारांत 1,840 रुपये जमले. एका काकांनी शंभराची नोट देऊन सुटे नको म्हटले, तर मुलांनी ऐंशी परत केले आणि ते काका जवळजवळ रागावले.

एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आणि त्यावर कधी मानसभा घेतली नाही: कोणीही मोठे माणूस एका मुलाबरोबर बंद जागेत एकटे राहणार नाही, मीसुद्धा नाही. जागतिक स्काउट संघटनेचे ‘सेफ फ्रॉम हार्म’ हे धोरण हेच सांगते. मदतीला आलेल्या एका वडिलांना हा अविश्वास वाटला. त्यांची समजूत काढायला मला दोन शनिवार लागले, कारण आपल्याकडे चांगल्या माणसाला नियम सांगणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानतात.

दीक्षाविधीनंतर आता पथकातली नऊ मुले द्वितीय सोपानापर्यंत आली आहेत. या सोपानांपुढच्या राज्य पुरस्काराला किती वर्षे लागतात आणि दहावीला गुण मिळतात का, हे पालक मला पहिल्या भेटीतच विचारतात. मी खरे ते सांगतो आणि लॉगबुक वेळेवर लिहायला लावतो, कारण नेमके तेच राहून जाते. माझा ॲडव्हान्स्ड कोर्स गेल्या मे महिन्यात झाला. त्यापुढची स्काउटमास्तरांची पात्रता असलेल्या हिमालय वुड बॅजची फाइल टेबलावर अर्धी पडून आहे. ज्या दोन लाकडी मण्यांसाठी ती लिहायची, त्यांची परंपरा 1919 मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला झालेल्या पहिल्या वुड बॅज शिबिरापासूनची आहे, तेव्हा आणखी दोन महिने ती थांबू शकेल असे मी स्वतःला समजावतो.

परवा संघनायकांनी पुढच्या मुक्कामी शिबिराचा खर्च लिहून दिला. बिनभांड्यांच्या स्वयंपाकासाठी त्यांनी सव्वीस जणांना आठ किलो बटाटे आणि अर्धा किलो कांदे धरले आहेत, मीठ विसरले आहेत. मी कागद वाचला, सही केली आणि परत दिला.