मामांची वही

स्मरणिकेसाठी आवडत्या शिक्षकांविषयी लिहा, असं समितीने कळवलं होतं. मी प्रयोगशाळेतल्या मामांविषयी लिहितोय. समितीने चालवून घ्यावं.

मामांचं काम परीक्षानळ्या धुण्याचं, चंचुपात्रं मोजून कपाटात ठेवण्याचं. पण त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी अशा सगळ्यांची नावं. नावापुढे रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख.

१९८८ साली मी नववीत होतो. धाकटीच्या जन्मानंतर आईचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. या गटाच्या तांबड्या पेशी सगळ्यांना चालतात, त्याला मात्र दुसऱ्या कुणाच्या चालत नाहीत. रात्री अकराला बाबांनी मामांचं दार वाजवलं. मामा त्याच गटाचे, पण महिन्याभरापूर्वीच रक्त देऊन आलेले. त्यांनी वहीतल्या दोन नावांवर बोट ठेवलं आणि सायकल काढली. पहाटेपर्यंत दोन पिशव्या मिळाल्या. पुढे आई आभार मानायला गेली तर म्हणाले, “मी कुठं काय केलं? नुसती माणसं उठवली.”

मीही रक्त देतो म्हणून मागे लागलो, तेव्हा हसले नाहीत. वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे १९९२. “अठरा पूर्ण होऊ देत.”

त्यांचं सगळंच आम्हाला पटायचं असं नाही. रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरचा जन्मदिवस १४ जून. त्या दिवशी माजी विद्यार्थ्यांचं भव्य शिबिर घ्यायचं आम्ही ठरवलं, फलकही रंगवले. मामा तेव्हा निवृत्त झाले होते. म्हणाले, “तांबड्या पेशी टिकतात फार तर बेचाळीस दिवस, प्लेटलेट पाचच. सगळे एकदम दिलंत, तर ऑगस्टमध्ये कोण देणार?” आम्ही रुसलो. मग मुकाट्याने चार गट पाडले. फलकांचं काय झालं, आठवत नाही.

मामा गेले तेव्हा मुलीने आधी नेत्रपेढीला फोन केला, मग आम्हाला. पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सहा तासांच्या आत काढावं लागतं, हे त्या घरात सांगावं लागलं नाही.

दिवस झाल्यावर मी भीतभीतच वहीची चौकशी केली. मुलीने ती आतून आणली. माझं नाव होतं, १९९२ होतं, पुढे तारखांची रांग आणि शेवटी कधीच बंद झालेला फोन नंबर. तिने तो खोडला, पेनचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, “आताचा सांगा.”