गॅनन कुठे पळून जात नाही

माझ्या गेममध्ये गॅनन, म्हणजे शेवटी मारायचा खलनायक, अजून जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘झेल्डा’ ही व्हिडिओ गेमची मालिका खेळलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. माझा भाचा तर फोनवर ‘आत्या, कशी आहेस’च्या आधी ‘मारलास का?’ असं विचारतो.

त्या मालिकेतला माझा गेम, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, मार्च 2017 मध्ये आला. माझ्याकडे आला तो बराच उशिरा. दिरांनी नवा स्विच (निंटेंडोचं गेम खेळायचं यंत्र) घेतला आणि जुना, आत कार्ड तसंच ठेवून, आमच्याकडे पाठवला. गेमचा नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो, गुहेतून धावत बाहेर येतो आणि समोर अख्खं हायरूलचं राज्य पसरलेलं असतं. बरोब्बर मधोमध किल्ला. त्याच्याभोवती गॅननचा जांभळट-काळा लोट फिरतोय आणि आत राजकन्या झेल्डा एकटी त्याला शंभर वर्षं थोपवून धरून बसली आहे. थोड्याच वेळात तिच्या वडिलांचं भूत भेटतं, पॅराग्लायडर देतं आणि म्हणतं, माझ्या मुलीला वाचव. तिथून सरळ किल्ल्यावर चालून जायला कुणाची आडकाठी नाही. विक्रम करणारी मंडळी अर्ध्या तासाच्या आत सगळा गेम उरकतात.

आणि मी बेडूक पकडतेय.

बरं, तयारी नाही असंही नाही. गॅननने ताब्यात घेतलेले चारही अवाढव्य यांत्रिक प्राणी मी सोडवलेत. हत्तीच्या वेळी झोरांच्या, म्हणजे माशांसारख्या लोकांच्या, गावात पाऊस थांबता थांबत नव्हता आणि ओल्या कड्यावर चढताना लिंक दर चार पावलांना घसरत होता, तरी सोडवला. आता चौघेही चार दिशांनी किल्ल्यावर लाल किरण रोखून बसलेत. लढाई सुरू झाली की तेच गॅननची निम्मी ताकद काढून टाकणार आहेत. उरला निम्मा गॅनन, आणि माझ्या पिशवीत ड्युरियन.

ड्युरियनबद्दल सांगायलाच हवं. दक्षिणेला फॅरॉनच्या पठारावर याची झाडं आहेत. दिसायला हा आपल्या फणसाचा धाकटा भाऊच. पाच ड्युरियन एकदम कढईत टाकायचे. ते उड्या मारायला लागतात, खाली जाळ, ती ठरलेली धून वाजते आणि जो पदार्थ तयार होतो तो खाल्ला की सगळी हार्ट्स, म्हणजे लिंकचा जीव, भरून वर वीस पिवळी जास्तीची मिळतात. नऊ खाल्ले तरी पोट दुखत नाही, हा कोकणातल्या माणसाला आणखी एक फायदा. गॅननसाठी म्हणून साठा करायला लागले होते. मग पिशवी भरली असं गेम सांगायला लागला, तेव्हा दोन-तीन खाऊन टाकले आणि पुन्हा तोडायला गेले.

भाच्याला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून घेतो. त्याचा राग मुख्यतः टॅरी टाउनवर आहे. अक्कालाच्या तळ्यात एक ओसाड जागा आहे. हडसन नावाचा सुतार तिथे गाव वसवायला निघालाय. तो दर वेळी आधीपेक्षा जास्त लाकूड मागतो आणि वर माणसंही शोधून आण म्हणतो. त्याच्या कंपनीचा नियम असा, की नावाच्या शेवटी ‘सन’ असेल तरच प्रवेश. मग डोंगरातला ग्रेसन, पंखवाला फायसन, वाळवंटातली शिंपीण रॉन्डसन अशी एकेक माणसं मी हायरूलभर फिरून गोळा केली. झाडं कुऱ्हाडीने तोडत बसायची गरज नाही, बॉम्ब फुकट आहेत. शेवटी हडसन आणि रॉन्डसनचं लग्न लागतं. लावतो म्हातारा झोरा कापसन. मी एवढी खूष झाले होते की स्क्रीनचा फोटो नवऱ्याला पाठवला. तो शेजारच्याच खोलीत होता.

हा नुसता माझा आळस नाही, खेळच तसा रचलाय. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी मूळचे क्योटोचे. कुठून कुठे जायला किती वेळ लागावा, हे ठरवायला त्यांनी क्योटोचा नकाशा गेमच्या जगावर ठेवून पाहिला होता. 2017 मध्येच जपानमधल्या एका परिषदेत निंटेंडोच्या लोकांनी आणखी एक युक्ती सांगितली: डोंगर, टेकड्या, खडक सगळे त्रिकोणी ठेवायचे. त्रिकोण समोर आला की माणूस एकतर चढतो नाहीतर वळसा घालतो, आणि पलीकडे काय आहे ते हळूहळू उघडत जातं. म्हणजे किल्ल्याकडे निघालेली मी दरवेळी दुसरीकडेच पोचते, त्याला माणसं नेमलेली होती.

शिवाय मारून मिळणार काय? शेवटचं दृश्य बघायचं, नावांची यादी संपू द्यायची, आणि गेम पुन्हा तुम्हाला लढाईच्या आधीच्याच ठिकाणी आणून सोडतो. फाइलवर एक तारा येतो आणि नकाशाच्या कोपऱ्यात किती टक्के झालं तो आकडा दिसायला लागतो. दिवसभर मी कर सल्लागाराच्या ऑफिसात बसते, आकडे जुळल्याशिवाय तिथून कुणी उठत नाही. घरी येऊन आणखी एक टक्केवारी कशाला मागे लावून घ्यायची? सगळं गोळा करणाऱ्यांचं निंटेंडोने काय केलंय तेही बघा. कोरोकच्या 900 बिया आहेत. दगड उचला, खालून ‘याहाहा’ करत पानाच्या तोंडाचं एक पोर बाहेर येतं आणि बी देतं. सगळ्या 900 शोधून नेऊन दिल्यात तर बक्षीस म्हणून सोनेरी शी मिळते. खरंच.

एका बाबतीत मात्र भाच्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. 2023 मध्ये दुसरा भाग आला, ‘टीअर्स ऑफ द किंगडम’. त्यात झेल्डा सुटलेली आहे, लिंकबरोबर किल्ल्याच्या तळघरात उतरते, तिथून गोष्ट सुरू होते. कार्ड त्याने आणून दिलंय, टीव्हीखालच्या खणात आहे. ‘तुझ्याकडे ती अजून अडकलीय आणि तू लग्नं लावतेयस,’ म्हणाला. बोलण्यात आमच्या वहिनीवर गेलाय अगदी.

सध्या डोक्यात इव्हनटाइड बेट आहे. आग्नेयेला समुद्रात, पार टोकाला. तिथे पाऊल ठेवलं की तलवारी, कपडे, खाणं सगळं काढून घेतात आणि नुसत्या चड्डीवर आव्हान पार पाडायला लावतात. म्हणजे तिथे ड्युरियनचा काही उपयोग नाही. पॅराग्लायडरवर पोचायला स्टॅमिना पुरतो का, हे रविवारी केप केल्सवरून उडी मारल्यावर कळेल. नाही पुरला तर तराफा आहेच.